कोवळ्या मेंदूतले रिसेप्टर : काय बदलते, केव्हा बदलते

रिसेप्टर : चेतापेशीच्या आवरणावरचे प्रथिन. शेजारच्या पेशीने सोडलेले रसायन त्याला चिकटले की पेशी उत्तेजित होते किंवा शांत होते.

• गाबा : प्रौढ मेंदूतले मुख्य शामक रसायन. विकसनशील मेंदूत मात्र अनेक पेशींना ते उत्तेजित करते.

• कारण : कोवळ्या पेशीत क्लोराइड जास्त असते. एनकेसीसी१ हे प्रथिन ते आत आणते. पुढे केसीसी२ वाढते आणि ते बाहेर काढते. गाबा-ए रिसेप्टर उघडल्यावर क्लोराइड कुठल्या दिशेने वाहणार, हे त्यावरून ठरते.

• केव्हा : उंदरांत गाबाचा हा बदल साधारणपणे जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत होतो.

• औषधाशी संबंध : फेनोबार्बिटल गाबा-ए रिसेप्टरवर काम करते. नवजात बाळांच्या झटक्यांत ते कधी कधी अपुरे पडते. जादा क्लोराइड हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

• एनएमडीए : ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचा, शिकण्याशी निगडित रिसेप्टर. चार उपघटकांचा बनलेला. आधी ग्लुएन२बी जास्त, नंतर ग्लुएन२ए वाढतो. २बीचा विद्युतप्रवाह रेंगाळतो, २एचा लवकर ओसरतो.

• मूक जोडण्या : चेतापेशींमधल्या या जोडण्यांत एनएमडीए असतात, एएमपीए (ग्लुटामेटचाच दुसरा रिसेप्टर) नसतात. पेशी विश्रांत असताना मॅग्नेशियम एनएमडीएचा मार्ग अडवून धरते, म्हणून जोडणी मूक राहते. एएमपीए आले की जोडणी कार्यरत होते.

• अनुभवाचा वाटा : अंधारात वाढवलेल्या उंदरांच्या दृष्टिकेंद्रात २बी–२ए बदल लांबतो. उजेड मिळाल्यावर काही तासांतच तो सुरू होतो.