गादीवरून उठताना

नागपूरच्या गांधीबागेतील कापडाच्या ठोक बाजारात गादीवर मांडी घालून बसण्याची पद्धत जुनी. चाळीस वर्षे असे बसलेल्या व्यापाऱ्याला साठीनंतर उठताना भिंतीचा आधार लागतो. गाठोडी वाहणाऱ्या हमालाला बहुधा त्याआधीच. दोघेही म्हणतात, ‘गुडघ्यातलं वंगण संपलं.’ खरे तर झिजते ती हाडांच्या टोकांवरची कूर्चा, आणि गंमत म्हणजे तिला मज्जातंतूच नसतात. दुखते ते सांध्याचे आवरण, कूर्चेखालचे हाड आणि भोवतालचे स्नायू. म्हणूनच एक्स-रेत बरीच झीज दिसूनही कोणी आरामात चालतो, तर कोणाला किरकोळ झीज असूनही जिना चढवत नाही.

मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्याला आधार मिळतो. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा, सावकाश खाली आणावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. सहा ते आठ आठवडे तरी द्यावेत. फरक गोळीसारखा तासाभरात दिसत नाही, म्हणून बरेच जण दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतात. वजन एक किलो उतरले, तरी प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पुष्कळ जण नेमकी उलटी धरतात.

रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. आधी वेदनाशामक मलम लावून पाहावे. गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला किंवा सोबत ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.