एका कमरेला किती किल्ल्या?

नीरा डाव्या कालव्यावर बारामती-इंदापूरची बरीच बागायत उभी आहे. पाळी सुटल्यावर दार उघडणारा, पाण्याची नोंद ठेवणारा आणि तक्रार ऐकणारा एकच माणूस असला, तर तो कितीही सचोटीचा असो, टोकाचा शेतकरी निर्धास्त झोपत नाही. मी कऱ्हाटीतला. मुक्त स्रोत प्रकल्पातल्या स्वयंसेवकाने एकाहून अधिक जबाबदाऱ्या घ्याव्यात का, हा प्रश्न मला म्हणूनच ओळखीचा वाटतो.

मुक्त स्रोत म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो असे सॉफ्टवेअर. त्यातले पुष्कळसे काम बिनपगारी चालते आणि माणसे थोडी असतात. त्यामुळे ‘एकाला एकच काम’ हा नियम तिथे टिकत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे : कोणती दोन कामे एका हाती नसावीत?

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाने १९९८ मध्ये स्वतःची घटना स्वीकारली. तिच्यानुसार एका व्यक्तीला अनेक पदे घेता येतात; मात्र नेता, सचिव आणि तांत्रिक समितीचा अध्यक्ष या तीन वेगळ्या व्यक्ती असाव्या लागतात. नेत्याच्या निवडणुकीचे मतदान सचिव चालवतो, हे ध्यानात घेतले की या अटीचे कारण कळते.

अशी आडकाठी नसली की काय होते, ते २०२४ मध्ये दिसले. फाइली आक्रसणारे ‘एक्सझेड’ हे साधन वर्षानुवर्षे मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळत होता. मदतीला आलेल्या दुसऱ्याने दोनेक वर्षांत विश्वास मिळवला. पुढे कोड लिहिणे आणि नवी आवृत्ती प्रसिद्ध करणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे गेली. त्याने दोन आवृत्त्यांत चोरवाट पेरली. ती जागी करणारा तुकडा सार्वजनिक कोडमध्ये नव्हता, फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होता. लॉगिनला अर्धा सेकंद जादा लागतो, हे एका जागरूक अभियंत्याने हेरले म्हणून ती सापडली.

१ मे २००३ पासून चालणारा मराठी विकिपीडियाही स्वयंसेवकांचाच. तिथे एकच सदस्य लेख लिहितो, साचे दुरुस्त करतो आणि प्रचालक म्हणून खोडसाळ पाने वगळतो. यात फारसा धोका नाही, कारण लेखातला प्रत्येक बदल इतिहासात दिसतो आणि दुसऱ्याला तो उलटवता येतो. पण सदस्यखात्यामागचा आयपी पत्ता पाहण्याचा अधिकार झाकलेला असतो. म्हणून विकिमीडियाचा नियम असा, की एखाद्या विकीवर हा अधिकार द्यायचा तर किमान दोघांना, नाहीतर कोणालाच नाही.

यावरून मला कसोटी सोपी वाटते. उघड्यावर होणारी आणि मागे फिरवता येणारी कामे एकाने हवी तितकी करावीत. झाकलेली किंवा परत न फिरणारी कामे एकट्याने करू नयेत. तिघांच्या प्रकल्पातही पहिल्याचे काम दुसऱ्याने आणि दुसऱ्याचे तिसऱ्याने तपासावे; प्रसिद्धीची किल्ली दोघांकडे असावी. यात कोणावर अविश्वास नाही. उद्या एकजण आजारी पडला, कंटाळला किंवा गाव सोडून गेला, तरी कालव्याचे दार वेळेवर उघडले पाहिजे, एवढीच ती काळजी आहे.