मेंदूतील गाठीचे नाव कसे ठरते?

आपली कवटी म्हणजे हाडांची बंद पेटी. पोटात गाठ वाढली तर पोट तिला काही काळ जागा करून देते. कवटीत तशी सोय नाही. मेंदू, त्याभोवतीचे पाणी आणि रक्त यांनी ही पेटी आधीच भरलेली असते. त्यामुळे आत गाठ वाढू लागली की मेंदूवर दाब पडतो. सकाळी उठताच डोके दुखणे, उलट्या होणे, दृष्टी अंधूक होणे ही या दाबाची लक्षणे होत. बाकीची लक्षणे गाठीच्या जागेवर अवलंबून असतात. लहान मेंदूत गाठ असेल तर तोल जातो. वाचेच्या भागात असेल तर शब्द सापडत नाहीत. अर्थात, प्रत्येक डोकेदुखीमागे गाठ असते असे मुळीच नाही.

कधी कधी पहिले लक्षण आकडी हेच असते. अशा वेळी चप्पल किंवा कांदा हुंगवू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि आकडी किती वेळ टिकली ते घड्याळात पाहावे. मोठ्या माणसाला प्रथमच आकडी आली, तर तपासणी करून घेणे आवश्यकच असते.

चित्र दिसले, नाव नाही

साध्या क्ष-किरण चित्रात कवटी दिसते, पण आतला मऊ मेंदू नीट दिसत नाही. ही अडचण गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने दूर केली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. त्या बाईंच्या मेंदूत गाठ असावी, असाच डॉक्टरांचा संशय होता. पुढे एमआरआय आले आणि मेंदूचे बारकावे अधिक स्पष्ट दिसू लागले.

मात्र हे चित्र गाठीची जागा आणि आकार सांगते. तिचे नाव नेहमीच सांगते असे नाही. मुंबईसारख्या शहरात याला विशेष महत्त्व आहे. आपल्याकडे क्षयरोग अजूनही आढळतो आणि क्षयाचे जंतू मेंदूतही गाठ करू शकतात. तिला ट्युबरक्युलोमा म्हणतात. स्कॅनमध्ये तिच्याभोवती कडे दिसते. तसेच कडे कर्करोगाच्या गाठीभोवतीही दिसू शकते. पहिली गाठ बहुधा अनेक महिन्यांच्या क्षयविरोधी औषधांनी बरी होते. दुसरीला शस्त्रक्रिया आणि किरणोपचार लागतात. मग निवाडा कसा करायचा?

मेणाचा ठोकळा

अशा वेळी गाठीचा छोटासा तुकडा काढून तपासतात. तो फॉर्मॅलिनमध्ये टिकवून नंतर मेणात बसवतात. या ठोकळ्याला रुग्णालयात ‘ब्लॉक’ म्हणतात. त्याचे इतके पातळ काप घेतात की एका मिलिमीटरच्या जाडीत सुमारे २५० काप बसावेत. काप काचपट्टीवर ठेवून जांभळ्या व गुलाबी रंगांनी रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेची घडी बसवली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

आता केवळ पेशींचे रूप पाहून भागत नाही. मेंदूच्या गाठींचे शंभरावर प्रकार आहेत, आणि त्यांतील बरेचसे दुर्मीळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आणि नंतर २०२१ मध्ये त्यांचे वर्गीकरण नव्याने केले. त्यात जनुकांच्या तपासणीलाही स्थान मिळाले. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा हे एक उदाहरण. या गाठीच्या पेशींत पहिल्या गुणसूत्राची आखूड भुजा आणि एकोणिसाव्या गुणसूत्राची लांब भुजा नाहीशी झालेली असते. ही खूण पटली की औषधे व किरणे यांचा चांगला उपयोग होईल, अशी आशा धरता येते. खूण नसेल तर गाठीचे नाव वेगळे आणि उपचारांचा बेतही वेगळा.

नावाप्रमाणे उपाय

मेंदूच्या लिम्फोमाचे उदाहरण अधिक बोलके आहे. मेंदूची सूज उतरावी म्हणून डॉक्टर स्टेरॉइड देतात. पण लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडनेच मरू लागतात. गाठ विरघळल्यासारखी दिसते, तुकड्यात काही सापडत नाही आणि काही काळाने ती पुन्हा उगवते. म्हणून लिम्फोमाचा संशय असेल आणि रुग्णाची प्रकृती साथ देत असेल, तर आधी तुकडा घेतात आणि मग स्टेरॉइड देतात. ही गाठ पूर्ण कापून काढण्याचीही सहसा गरज नसते. मेथोट्रेक्सेट हे औषध मोठ्या मात्रेत शिरेतून देणे हा तिच्यावरील मुख्य उपाय आहे.

मेड्युलोब्लास्टोमा ही लहान मेंदूतील गाठ प्रामुख्याने मुलांत आढळते. मोठ्यांत ती दुर्मीळ. तिच्या पेशी पाण्यातून मज्जारज्जूपर्यंत पसरू शकतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण मेंदूला व मज्जारज्जूला किरणे द्यावी लागतात. क्ष-किरण पाठीतून शिरून पुढे हृदय व आतड्यांपर्यंतही पोहोचतात. प्रोटॉनचे तसे नाही. प्रोटॉन आपली बरीचशी ऊर्जा प्रवासाच्या अखेरीस टाकतो आणि तेथेच थांबतो. त्यामुळे पुढील अवयव वाचतात. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत २०२३ पासून प्रोटॉन उपचार मिळतात.

अनुभवाची शिदोरी

दुर्मीळ गाठ एखाद्या डॉक्टरला साऱ्या आयुष्यात एकदोनदाच दिसते. म्हणून अशा रुग्णांविषयी शल्यचिकित्सक, विकृतितज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधतज्ज्ञ यांनी एकत्र बसून विचार करावा लागतो. देशातील कर्करोग रुग्णालयांचा अनुभव एकमेकांच्या कामी यावा, यासाठी २०१२ मध्ये ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ची उभारणी झाली.

समजा, बोरिवलीत किंवा मुलुंडला एखाद्याची शस्त्रक्रिया झाली आणि दुसरे मत घेण्यासाठी परळला जायचे ठरले. तेथे केवळ स्कॅनची फिल्म आणि अहवाल पुरत नाहीत. काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉकही मागतात. लोकलच्या प्रवासात ही छोटी डबी सहज खिशात मावते. पण नव्या तपासण्या, जनुकांच्यासुद्धा, त्यातल्या तुकड्यावरच करता येतात, आणि तो ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून घरात कोणावर अशी वेळ आली, तर रुग्णालयाकडे ब्लॉकची चौकशी करावी, तो उन्हात किंवा गरम जागी ठेवू नये, आणि दिल्याघेतल्याची नोंद जपावी. हे काम घरातला शाळकरी मुलगा किंवा मुलगीही नीट करू शकेल.