पाण्याला पेट्रोलचा वास आला तर



हापशीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, बादलीत रंगीत तवंग दिसतो, आणि घरात कुणीतरी म्हणते, "उकळून घेऊ, तुरटी फिरवू." जुलाब, कावीळ टाळायला उकळणे चांगलेच, आम्हीही तेच सांगत आलो. पण पाण्यात पेट्रोल-डिझेल उतरले असेल तर तोच उपाय उलटा पडतो. बंद खोलीत उकळले की विषारी वाफ श्वासात जाते, आगीचाही धोका असतो. तुरटी, टीसीएल पावडर किंवा साधा कँडलचा फिल्टर यांचा इथे उपयोग नाही.

पंपाची टाकी जमिनीखाली असते. टाकी किंवा पाइप गंजला की थेंब थेंब गळती होते आणि वरून काही दिसत नाही. गॅरेजचे काळे ऑईल नालीत ओतले तरी त्यातले काही जमिनीत मुरते. अकोल्याजवळ गायगावला इंधनाचे डेपो आहेत, अमरावती-अकोला रस्त्याला पंप आहेत. तिथे गळतीच आहे असे आमचे म्हणणे नाही. आजूबाजूच्या विहिरींवर लक्ष हवे, एवढेच म्हणणे आहे. आपल्याकडे काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाहते. त्यामुळे पंपाजवळची विहीर चांगली आणि दूरची खराब, असेही होऊ शकते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर गोडे पाणी मुळातच थोडे. तिथे एक गोडी विहीर गेली की दुसरी कुठून आणणार?

असे इतरत्र घडलेले आहे. 2013 साली चेन्नईच्या तोंडियारपेट भागात लोकांच्या बोअरमध्ये इंधन आले. गळती जमिनीखालून जाणाऱ्या पाइपलाइनची होती. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. 2024 च्या सुरुवातीला गोव्यात दाबोळी परिसरातल्या विहिरींतही पेट्रोलजन्य पदार्थ सापडले. दोन्हीकडे लोकांनीच आधी ओळखले.

पेट्रोलमधला सर्वांत घातक घटक बेंझिन. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, कातडीची आग ही लगेचची लक्षणे. वर्षानुवर्षे पोटात गेले तर ते हाडातल्या मगजावर घाला घालते; रक्त कमी होते, रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझिनची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. आपल्या पेट्रोलमध्ये ते 1 टक्क्यापर्यंत असू शकते. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोल 8 लाख लिटरहून जास्त पाणी या मर्यादेपलीकडे नेऊ शकते. आपल्या बायांमध्ये रक्तक्षय इतका आहे की लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपतो. प्रत्येक रक्तक्षय पाण्यामुळे नसतो. पण पाण्याला वास येत असेल तर दवाखान्यात ते आवर्जून सांगा आणि रक्ताची सीबीसी तपासणी करून मागा.

आता सर्वांत महत्त्वाचे. जलजीवन मिशनमध्ये गावागावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे किट वापरायला शिकवले जाते. काम चांगले आहे. पण ते किट क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, लोह असे घटक पाहते. पेट्रोल पाहत नाही. नेहमीच्या प्रयोगशाळा तपासणीतही बेंझिन सहसा नसते. म्हणजे "पाणी पिण्यास योग्य" असा अहवाल हातात येईल आणि विष तसेच राहील. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: "बेंझिन, टोल्युईन, झायलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन यांची तपासणी करावी." नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, थंड ठेवून न्यावा लागतो. प्लास्टिकच्या अर्ध्या बाटलीतला नमुना निरुपयोगी.

वास आला की:

1. ते पाणी पिणे, स्वयंपाक, आंघोळ सर्व बंद. गुरांनाही पाजू नका.
2. विहिरीजवळ काडी, बिडी, दिवा नको. "पेटते का बघू" हा खेळ जिवावर बेततो. विहिरीत उतरू नका.
3. स्वतःहून उपसा करू नका; गळतीचे इंधन आणखी ओढले जाते.
4. तारीख, वेळ, वास, तवंग वहीत लिहा. फोटो काढा.
5. ग्रामपंचायत किंवा महापालिका, जिल्हाधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अमरावतीचे प्रादेशिक कार्यालय आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणा यांना अर्ज द्या, टँकरही मागा. पंपाच्या टाक्यांचा सुरक्षा परवाना पेसो ही संस्था देते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. तिलाही प्रत पाठवा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

साफसफाई हे आपले काम नाही, पण ती कशी होते ते माहीत हवे. आधी गळती थांबवायची. मग भोवती निरीक्षण विहिरी खोदून इंधन किती आणि कुठे पसरले ते पाहायचे. पाण्यावर तरंगणारा थर काढायचा, पाणी उपसून सक्रिय कोळशातून गाळायचे, जमिनीत हवा सोडायची, तेल खाणाऱ्या जिवाणूंना काम करू द्यायचे. याला वर्षे लागू शकतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की तेल मातीला चिकटते आणि पावसाळ्यात पुन्हा वर येते. म्हणून एकदा तपासून "झाले साफ" म्हणणे चालणार नाही. प्रत्येक ऋतूत तपासणी हवी.

खर्च कुणाचा? सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितले आहे: ज्याने प्रदूषण केले, त्याने भरायचे. भरपाईसाठी पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात दाद मागता येते.

एक मेख मात्र लक्षात ठेवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या निर्देशांप्रमाणे नवा पंप निवासी भागापासून 50 मीटर दूर हवा. अडचण असली तरी 30 मीटरच्या आत चालत नाही. पण "निवासी" म्हणजे कागदावर नोंदलेले निवासी. आपल्या कितीतरी वस्त्या कागदावर नाहीतच. वस्तीची नोंद आणि पट्टा ही म्हणूनच आरोग्याचीही मागणी आहे.

1927 साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते माणूस म्हणून समान हक्क सिद्ध करण्यासाठी. आज तो हक्क "पाणी मिळाले" एवढ्यावर संपत नाही. ते शुद्ध असणे हाही जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये म्हटले आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात एक वही ठेवा. वस्तीतल्या प्रत्येक विहिरीचे, बोअरचे, हापशीचे नाव लिहा आणि महिन्यातून एकदा वास, रंग, तवंग नोंदवा. अर्ज करायची वेळ आली, तर पहिला पुरावा ही वही असेल.