तरुण हत्ती टोळी का करतात?

2002 च्या सुमारास कर्नाटकातील हत्ती दोडामार्गात उतरले. पुढे पेडणे-डिचोलीच्या बागायतींतही आले. दिवसा रानात थांबावे, अंधार पडल्यावर केळी-माड गाठावेत, ही सवय माणसाच्या भीतीने लागते.

हत्तींच्या कळपाला वडीलधारी हत्तीण वाट दाखवते. नर वयात आला की कळप सोडतो आणि बहुधा एकटा फिरतो. परंतु कर्नाटकातील हत्तींवरील 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळेच दिसले. शेतीजवळ, जेथे धोका अधिक, तेथे तरुण नर टोळी करून राहतात. थोरांचे पाहून धाकटे शिकत असावेत. आम्हांला हे आपल्या वसतिगृहासारखेच वाटते!

सप्टेंबर 2025 मध्ये पेडण्यात शिरलेला ओंकार मात्र तरुण आणि एकटाच होता. फटाके, बघ्यांची गर्दी यांतून वाट काढताना त्याच्यासोबत कोणी थोर नव्हता.