गलका आणि ठेका

कामगारांच्या सभांत आयुष्य घालवलेल्या माणसाने रॉक संगीतावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे संगीतशिक्षण भजनी मंडळापलीकडे गेलेले नाही. परंतु कर्ण्यासमोर चुकून माईक धरला म्हणजे जी किंचाळी उठते, ती आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहोत. न्यूयॉर्कच्या ज्या मंडळींनी त्या किंचाळीचेच संगीत केले, त्यांची हकीकत म्हणूनच आम्हांला सांगावीशी वाटते.

त्या बँडचे नाव ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’. लू रीड गीते लिही, गाई आणि गिटार वाजवी. दुसरी गिटार स्टर्लिंग मॉरिसनकडे, व्हायोला आणि ऑर्गन वेल्सहून आलेल्या जॉन केलकडे. मोरीन टकर ही तरुणी उभ्याने ड्रम वाजवी. १९६७ साली त्यांची पहिली तबकडी निघाली. चित्रकार अँडी वॉरहॉल त्यांचा आश्रयदाता होता व निको ही जर्मन गायिका त्यांच्या जोडीला होती. तीत कर्कशपणा होता, तशी अंगाईसारखी मऊ गाणीही होती. केल व्हायोलावर एकच स्वर लांबवर धरून ठेवी. ही रीत त्याने ला माँट यंग या संगीतकाराच्या मंडळीत आत्मसात केली होती. आपल्या तंबोऱ्याची तीत आठवण होते. हा यंग पुढे १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

दुसऱ्या तबकडीच्या वेळी वॉरहॉल व निको दोघेही दूर झाले होते. उरलेल्या चौघांनी सप्टेंबर १९६७ मध्ये थोडक्या दिवसांत ‘व्हाइट लाइट/व्हाइट हीट’ ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९६८ मध्ये ती बाजारात आली. एक लहानसे गाणे सोडले, तर मऊपणा येथे संपला. आवाज इतका चढवला, की यंत्रांचे काटे तांबड्या पट्ट्यात गेले. असे झाले म्हणजे सूर फाटतो. शिवाय कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा गिटारीत शिरतो, वाढून बाहेर पडतो, पुन्हा शिरतो, आणि किंचाळी उठते. दुसऱ्या कोणी हा दोष म्हणून पुसून टाकला असता. यांनी तो जपून ठेवला.

शेवटचे ‘सिस्टर रे’ हे गीत सुमारे साडेसतरा मिनिटांचे. एकाच दमात वाजवायचे व जे उतरेल ते ठेवायचे, असे ठरवून ते वाजवले. त्यात बास गिटार नाही. केलचा ऑर्गनही गिटारीच्या ध्वनिवर्धकातून गरजतो. जो तो दुसऱ्यापेक्षा आपला आवाज चढवतो. पगारवाढीच्या सभेतला गलका ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हा प्रकार अनोळखी वाटणार नाही. पण त्या गलक्याखाली टकरचा ठेका चालू असतो. मध्येच तो बुडाल्यासारखा होतो, पण तुटत नाही. त्याच्या आधाराने बाकीचे भांडू शकतात.

तबकडी खपली नाही. अमेरिकेच्या यादीत ती १९९व्या क्रमांकापलीकडे चढली नाही. पुढल्या पिढीच्या पंक वादकांनी मात्र तिच्यापासून धडा घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरात रीडने मॉरिसन व टकर यांना बोलावून सांगितले, की केल आता आपल्यात राहणार नाही. केलला कळवण्याचे काम मॉरिसनच्या माथी आले. १९६९ची तिसरी तबकडी हलक्या आवाजात वाजवलेली आहे. ती सुंदर आहे, हे आम्ही मान्य करतो.

तरीही ती ऐकताना आम्हांला आमच्या कार्यकारिणीतला एक सहकारी आठवतो. प्रत्येक ठरावावर तो मोठ्याने हरकत घेई. एका संध्याकाळी त्याला न बोलावताच आम्ही चौघांनी त्याला समितीतून वगळले आणि निरोप दुसऱ्याकरवी धाडला. पुढच्या सभा शांतपणे पार पडल्या. ठराव झटपट मंजूर झाले. मालकाशी केलेल्या करारातली वाईट कलमे कोणीच वाचून दाखवली नाहीत, हे आमच्या ध्यानात यायला दोन वर्षे लागली.