घोड्याची किंमत आणि टेम्पोचं भाडं : रेषीय फलन समजून घेताना

बीजगणित म्हटलं की पुष्कळांना एकच गोष्ट आठवते: संख्या ‘बरोबर’च्या पलीकडे नेली की चिन्ह बदलायचं. का बदलायचं, ते मात्र कुणी विचारत नाही. आज तिथूनच सुरुवात करू.

भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा, म्हणजे इ.स. ११५०च्या ग्रंथाचा, ‘बीजगणित’ हा एक भाग आहे. त्यातलं एक उदाहरण असं: एकाजवळ ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रुपयांचं कर्ज आहे. सगळे घोडे एकाच किमतीचे, आणि दोघांची मालमत्ता सारखी. तर एका घोड्याची किंमत किती?

या अज्ञात राशीला भास्कराचार्य ‘यावत्तावत्’ म्हणतात, आपण ‘क्ष’ म्हणू. मग ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. आता दोघांकडचे सहा-सहा घोडे काढून घ्या. पहिल्याकडे उरले ३०० रुपये, दुसऱ्याकडे चार घोडे आणि कर्ज. आता दोघांनाही १००-१०० रुपये द्या. दुसऱ्याचं कर्ज फिटलं! चार घोडे म्हणजे ४०० रुपये, एक घोडा १०० रुपयांचा. चिन्ह बदलतं ते यामुळे. पलीकडे काही उडी मारून जात नाही. आपण दोन्ही बाजूंना सारखंच देतो किंवा सारखंच काढून घेतो.

हेच ‘क्ष’ न मांडता करून बघू. समजा, घोडा ५० रुपयांचा. पहिल्याचे ६००, दुसऱ्याचे ४००, फरक २००. समजा, ६० रुपयांचा. पहिल्याचे ६६०, दुसऱ्याचे ५००, फरक १६०. किंमत १० ने वाढवली की फरक ४० ने घटतो. मग उरलेला १६० चा फरक संपायला किंमत आणखी ४० ने वाढली पाहिजे. उत्तर पुन्हा १००. दोन अंदाज चुकले, तरी उत्तर मिळालं! कारण फरक घटण्याचा वेग कायम आहे. ज्या राशीच्या बदलाचा वेग असा कायम असतो, ती रेषीय फलन. त्या वेगालाच आलेखावर आपण रेषेचा ‘चढ’ म्हणतो.

आता व्यवहारात या. शेतकऱ्याला टोमॅटो बाजारात न्यायचेत. पहिला टेम्पोवाला ६०० रुपये ठोक आणि वर किलोमीटरला १२ रुपये घेतो. दुसरा २०० ठोक आणि किलोमीटरला २०. जवळचा बाजार २० किलोमीटरवर आहे. पहिल्याचे होतात ८४०, दुसऱ्याचे ६००. दुसरा स्वस्त.

लांबचा बाजार ८० किलोमीटरवर. इथे आपण सवयीने त्रैराशिक मांडतो: अंतर चौपट, म्हणून भाडं चौपट. पहिल्याचे ३३६०, दुसऱ्याचे २४००, म्हणजे दुसराच बरा. पण प्रत्यक्ष हिशेब करा. पहिला १५६० घेईल, दुसरा १८००. त्रैराशिकाने नुसती रक्कम चुकली नाही, निवडसुद्धा चुकली. खेपेमागे २४० रुपये जादा गेले. ठोक रक्कम अंतराबरोबर वाढत नाही, म्हणून इथे त्रैराशिक चालत नाही. रेषा शून्यातून जात असेल तरच ते चालतं.

मग निवड कुठे बदलते? ६०० + १२क्ष = २०० + २०क्ष. म्हणजे ४०० = ८क्ष, क्ष = ५०. पन्नास किलोमीटरच्या आत दुसरा टेम्पो, पुढे पहिला. समीकरणाच्या उत्तराचा खरा उपयोग हा. ५० हा नुसता आकडा नाही, तिथे निर्णय बदलतो. घोड्यांचंही तसंच. किंमत १०० च्या खाली असेल तर पहिला माणूस श्रीमंत, वर गेली की दुसरा.

आता घरी करण्यासाठी एक प्रश्न. तिसरा टेम्पोवाला येतो. ठोक काही नाही, किलोमीटरला २४ रुपये. तिन्ही रेषा एकाच आलेखावर काढा आणि मला सांगा, आता दुसऱ्या टेम्पोवाल्याला हाक मारण्यात कधी फायदा आहे का?